मागेल त्याला काम



खेड्यातले वर्ष बारा महिन्यांचे असते, पण शेतमजुराच्या हाताला बाराही महिने काम नसते. हे तुम्हाला वेगळे सांगावयास नको. मृग लागला की पेरणी, मागून कोळपणी, खुरपणी, आणि मग सुगी. रब्बीची काढणी उरकली की जिरायत गावात सारे शांत होते. पाटाचे पाणी नाही, विहिरीने तळ गाठलेला. अशा गावातला मजूर उन्हाळ्याचे तीन-चार महिने काय करतो? कोणी कोयता घेऊन आधीच उसाच्या फडावर गेलेला असतो, कोणी मुंबईची गाडी धरतो. ज्याला जाता येत नाही तो पारावर बसून राहतो. लोक त्याला आळशी म्हणतात. आळशी तो नसतो. त्याला काम मिळत नसते.

या माणसाला काम देण्याची जबाबदारी कुणाची, असा प्रश्न महाराष्ट्रातल्या एका लोकप्रतिनिधीने विचारला आणि त्याचे उत्तर कायद्यात लिहून घेईपर्यंत तो प्रश्न सोडला नाही. त्यांचे नाव विठ्ठल सखाराम पागे. आज त्यांच्या कार्याविषयी चार शब्द तुमच्याशी बोलावयाचे आहेत.

पागे मूळचे सांगली जिल्ह्यातले. त्यांचा जन्म १९१० सालचा. शिक्षणाने ते वकील होते, स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला होता आणि संतवाङ्मयाचा त्यांचा अभ्यास होता. १९६० पासून १९७८ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. आता सभापतीचे पद मानाचे खरे, पण त्याच्या हाती ना खाते, ना तिजोरी. एखादा रस्ता मंजूर करणे किंवा एखादे धरण बांधून घेणे हे काही सभापतीचे काम नव्हे. त्याला करता येते ते एवढेच: आपले म्हणणे नीट मांडावयाचे, पुन्हा पुन्हा मांडावयाचे आणि सर्व पक्षांच्या लोकांना पटवून द्यावयाचे. पाग्यांनी नेमके तेच केले.

सांगली जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला सह्याद्रीच्या अंगाला धो धो पाऊस, कृष्णा-वारणेच्या काठी उसाचे मळे. तेथून पूर्वेकडे जावे तसतसा पाऊस कमी होत जातो. तासगाव, आटपाडी, जत हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख. एकाच जिल्ह्यात एका बाजूला कामाला माणूस मिळत नाही आणि दुसऱ्या बाजूला माणसाला काम मिळत नाही. तासगाव तालुक्यातले विसापूर हे याच कोरड्या पट्ट्यातले गाव. १९६० नंतरच्या दशकात विसापूरच्या परिसरातील काही गावांत एक प्रयोग झाला. ज्याला काम हवे त्याने ते मागावे, आणि त्याला गावाजवळच बांधबंदिस्ती, जमीन सुधारणा, पाणी अडविणे अशा उपयोगी कामावर मजुरी मिळावी, असे त्या प्रयोगाचे स्वरूप होते. त्यामागची कल्पना पाग्यांची होती.

यात नवे काय होते, असे कोणी विचारील. सरकारी काम खेड्यात पूर्वीही निघत होते. ब्रिटिश अमदानीत १८८० नंतर दुष्काळी संहिता तयार झाल्या, आणि तेव्हापासून दुष्काळ पडला की खडी फोडण्याची कामे निघत आली. पण ती कामे केव्हा निघत? दुष्काळ पडला असे सरकारने मान्य केल्यावर. आणि बंद केव्हा होत? सरकारने सांगितल्यावर. गावातले शंभर लोक बेकार बसले असले तरी तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला नसेल, तर त्या शंभरांना विचारणारे कोणी नव्हते. काम ही सरकारची मेहेरबानी होती. पाग्यांनी ही गोष्ट उलटी केली. काम केव्हा निघावे हे मजुराने ठरवावे. तो मागेल तेव्हा ते निघाले पाहिजे. ‘मागेल त्याला काम’ हे तीन शब्द ऐकावयास सोपे वाटतात, परंतु त्यांत सारा कारभार बदलण्याची ताकद होती.

योजना राज्यभर लागू करण्याचे १९७२ साली ठरले. वसंतराव नाईक त्या वेळी मुख्यमंत्री होते. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर दुष्काळ कोसळला. तुमच्यापैकी जे वडीलधारे आहेत त्यांना तो अजून आठवत असेल. आधीची दोन वर्षे पाऊस कमीच होता, १९७२ साली तर त्याने पुरती पाठ फिरविली. परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी लोकांनी खाल्ली, कामावर सुकडी वाटली गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडीकेंद्रे अशी कामे गावोगाव निघाली. हाल फार झाले, जनावरे गेली, घरे मोडली. तरी पूर्वीच्या दुष्काळांत माणसे जशी मोठ्या संख्येने अन्नावाचून मेली तसे या खेपेस झाले नाही. कामाच्या मजुरीवर राज्य तगले. एवढ्या माणसांना काम देता येते आणि लोक ते कष्टाने करतात, याचा हा पुरावाच होता.

दुष्काळ सरला तशी दुष्काळी कामे बंद झाली आणि रोजगार हमी योजना पुन्हा हाती घेण्यात आली. पण पैसा कोठून आणावयाचा? येथे शिक्षक मित्रांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तुमच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची एक ओळ असते. बहुतेकांचे महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. वर्षाचे अडीच हजार होतात. हा कर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आला आणि तो आला रोजगार हमीसाठी. शहरातला नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी वर्षाला थोडी रक्कम द्यावी, ओलिताच्या जमिनीवर आणि मोटारगाड्यांवर थोडा जादा आकार बसावा, आणि जेवढे जमेल तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी, अशी ती रचना होती. ज्याच्याकडे काम आहे त्याने ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी वाटा उचलावयाचा. शहराचा पैसा राजरोस कायद्याने खेड्यातल्या बांधावर पोहोचविण्याची ही वाट होती. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना हे सांगा. कर कशासाठी असतात, हे त्यांना यापेक्षा चांगल्या उदाहरणाने समजावयाचे नाही.

योजना म्हटली की ती सरकारच्या मर्जीवर असते. आज आहे, उद्या नसेल. म्हणून पुढची पायरी कायद्याची. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या एका प्रश्नावर एका बाजूला उभे राहिले. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा निर्देश आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. त्यावर कोर्टात दाद मागता येत नाही. त्या अनुच्छेदाचा आधार घेऊन महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा काम मागण्याचा हक्क कायद्याने दिला.

त्या कायद्यातल्या चार गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, ग्रामीण भागातला अठरा वर्षांवरचा कोणीही माणूस, स्त्री असो वा पुरुष, अंगमेहनतीचे काम मागू शकतो. दुसरी, मागणी केल्यापासून पंधरा दिवसांच्या आत काम मिळाले पाहिजे. नाही मिळाले तर बेकारी भत्ता दिला पाहिजे. भत्ता दिवसाला किमान एक रुपया, म्हणजे अगदी थोडा होता. पण तो दिला की सरकारने आपली चूक कबूल केली असा त्याचा अर्थ होत होता. तिसरी, खर्चाचे किमान ६० टक्के मजुरीवर गेले पाहिजेत. आणि चौथी, मजुरी कामाच्या मोजमापावर. बाईने उपसलेली माती आणि गड्याने उपसलेली माती यांचा दर एकच. ज्या शेतावर बाईची हजेरी गड्यापेक्षा कमी धरण्याची रीत होती, त्या गावात ही गोष्ट लहान नव्हती. रोजगार हमीच्या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या, त्याचे एक कारण हेच.

तासगावच्या कोरड्या रानातला हा विचार पुढे देशाचा झाला. संसदेने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला. २००९ साली त्याला महात्मा गांधींचे नाव दिले गेले. त्यात दर कुटुंबाला वर्षातून १०० दिवसांची हमी होती. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती, म्हणून शंभर दिवसांपुढचा भार आपल्या राज्याने स्वतःकडे ठेवला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या केंद्रीय कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात वर्षाला १२५ दिवस सांगितले आहेत आणि खर्चाची वाटणी केंद्र व राज्ये यांच्यात नव्याने ठरविली आहे. हे सारे पाहावयास पागे नव्हते. १९९० सालीच ते निवर्तले.

आता बंधूंनो, या योजनेचे नुसते गोडवे गाऊन भागावयाचे नाही. दोष होते, ते तुम्हीही पाहिले आहेत. हजेरीपटावर नावे एकाची आणि अंगठे दुसऱ्याचे, असे प्रकार झाले. मजुरी आठवड्याची महिन्यावर गेली. पाझर तलावाची भिंत उभी राहिली आणि सांडवा राहून गेला. खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षे पडून राहिले. बागायतदार म्हणू लागले की आमच्या कामाला माणूस मिळत नाही. याला उत्तर एकच आहे. मजुराला दुसरीकडे काम मिळण्याची खात्री असली म्हणजेच शेतावरची मजुरी वाढते, आणि ती वाढावी हाही या हमीचा हेतू होताच. राहिला प्रश्न कामाच्या निवडीचा. हमीचे काम असे असावे की त्याने गावाची गरज हळूहळू कमी व्हावी. जेथे नाला अडला, विहिरीला पाणी आले, तेथे दुबार पीक निघते आणि मजुराला गावातच काम लागते. १९९० नंतर हमीच्या पैशातून पडीक जमिनीवर फळबागा लावण्याचा कार्यक्रम निघाला. आंबा, डाळिंब, बोर, सीताफळ यांच्या बागा कोरडवाहू भागात उभ्या राहिल्या. हा त्या योजनेचा चांगला अवतार म्हटला पाहिजे. नुसती खडी फोडून गाव सुधारत नाही.

मग आपण काय करावयाचे? कायद्याचे नाव बदलो, दिवस शंभर असोत की सव्वाशे, एक गोष्ट कायम राहते. हमी ही मागणाऱ्याच्या तोंडात असते. मागणी तोंडी केली तर ती वाऱ्यावर जाते. म्हणून काम मागावयाचे ते लेखी मागावे आणि अर्ज दिल्याची तारीख घातलेली पोच ग्रामपंचायतीतून घ्यावी. ती पोच जपून ठेवावी. पंधरा दिवस मोजावयाचे ते तिच्यावरून. एकट्याने अर्ज देण्यापेक्षा दहा-वीस जणांनी मिळून द्यावा. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात नवे काम काढण्यासाठी पन्नास मजुरांची मागणी लागत असे, ते उगीच नव्हे. सध्या कोणता नियम लागू आहे, अर्जाचा नमुना कोणता, हे ग्रामसभेत उभे राहून विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. आणि कोणते काम काढावयाचे हेही ग्रामसभेतच ठरवून घ्यावे, म्हणजे पुन्हा खडीच पदरी पडणार नाही.

शिक्षकांना येथे मोठे काम आहे. गावात ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज तुम्ही लिहून द्या. वरच्या वर्गातल्या मुलांना घनमाप शिकविताना पुस्तकातल्या ठोकळ्यापाशी थांबू नका, त्यांना कामावर न्या. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल चर म्हणजे दीड घनमीटर माती. खडीचा ढीग किती ब्रास भरतो, ते मोजू द्या. दर ठाऊक असला की मजुरी किती व्हावयास पाहिजे हे पोराला घरी आईला सांगता येईल. आईने खणलेल्या मातीचा हिशेब मुलाने मांडला आणि तो मुकादमाच्या वहीशी ताडून पाहिला, तर वहीत खोटे लिहिण्याचे धाडस सहसा कोणी करणार नाही.

विधान परिषदेतल्या सर्वांत उंच आसनावर बसून पाग्यांनी विचार केला तो उन्हाळ्यात पारावर बसलेल्या माणसाचा. तो माणूस आपल्या प्रत्येकाच्या गावात आहे. त्याला कोणी दया म्हणून चार दिवसांचे काम दिले, तर ते चांगलेच आहे. पण काम हा आपला हक्क आहे हे त्याला समजले आणि तो अर्ज घेऊन उठला, तरच तो कायदा त्याच्या कामी आला असे म्हणता येईल. या उन्हाळ्याच्या आत आपल्या गावातून असा एक तरी अर्ज जावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.