केसांच्या घरगुती गुंडाळ्या



माझे शिक्षण सातवीपर्यंतच. भाषण करणे मला जमणार नाही. पण हातची वस्तू दाखवता येईल, म्हणून उभी राहिले.

केस कुरळे करायला बाजारात काटेरी प्लॅस्टिकचे रोलर मिळतात. ते लावून उशीवर डोके टेकवत नाही. माझ्या मुलीने एक रात्र अक्षरशः बसून काढली. मग मी जुन्या सुती पातळाच्या फूटभर लांब, दोन इंच रुंद पट्ट्या नळीसारख्या शिवल्या. मधल्या चार इंचांत कापूस भरला. दोन्ही टोके बांधण्यासाठी रिकामी ठेवली.

ओलसर केस ज्या आकारात वाळतात, तो आकार धरतात. पुन्हा भिजले की सोडतात. म्हणून केस निथळते नकोत, दमट असावेत, आणि पुरते वाळल्याशिवाय गुंडाळी सोडू नये. बोटाएवढ्या गुंडाळीने केस बारीक कुरळे होतात. दोन बोटे जाड केली तर नुसती लाट येते.

गाठ मात्र सैल हवी. रोज ताणून बांधल्याने कपाळाजवळचे केस गळतात, आणि वर्षानुवर्षे तसेच चालले तर पुन्हा उगवत नाहीत. मुलींना हौस जरूर करू द्या. तिच्यापायी झोप आणि केस मात्र जाऊ नयेत.

बारा गुंडाळ्या टेबलावर ठेवल्या आहेत. हाताळून पाहाव्यात, ही विनंती.