पेन्शन कोणत्या पिशवीतून देणार, ते आधी सांगा

(जून 2025 मध्ये पाड्यांच्या एकत्र सभेत संघटनेच्या वतीने केलेले भाषण. ज्यांना सभेला येता आले नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. ज्याला वाचता येते त्याने इतरांना बसवून वाचून दाखवावे.)



आज्या-आजोबांनो, बायांनो, भावांनो, पाऊस लागला आहे, राबात पेरणी सुरू आहे. तरी कामाला खाडा करून तुम्ही आलात. म्हणून आडवंतिडवं न बोलता मुद्द्यावर येतो. पुढे जिल्हा परिषदेच्या, पंचायत समितीच्या निवडणुका येणार आहेत. परत गाड्या येतील, परत भोंगे वाजतील, परत आकडे सांगितले जातील. त्याच्या आधी मागच्या निवडणुकीतले आकडे आपण नीट मोजून घेऊ.

मागच्या वर्षी, जून 2024 मध्ये, सरकारनं लाडकी बहीण योजना जाहीर केली. 21 ते 65 वयाच्या बाईला महिन्याला 1,500 रुपये. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. प्रचारात सत्तेतले म्हणाले, आम्हाला निवडून द्या, 1,500 चे 2,100 करू. विरोधातले म्हणाले, आम्हाला द्या, 3,000 करू. सत्तेतल्यांनी म्हाताऱ्या माणसांनाही सांगितलं, तुमच्या पेन्शनचेसुद्धा 1,500 चे 2,100 करू. सरकार आलं. 10 मार्च 2025 ला अर्थसंकल्प मांडला. त्यात 2,100 नाहीत. बाईला 1,500 आणि डोकऱ्यालाही 1,500 च.

आता कोणी म्हणेल, संघटनेचा या योजनेला विरोध आहे. तसं नाही. आम्ही पाड्यापाड्यात फिरतो. दुकानाची उधारी फिटली, पोराला वही-पेन आला, दवाखान्यात जायला नवऱ्यापुढे हात पसरावा लागला नाही, हे बायांनी आम्हाला स्वतः सांगितलं आहे. बाईच्या नावावर, बाईच्या खात्यात पैसा येतो ही चांगली गोष्ट आहे. वनपट्ट्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लागलंच पाहिजे म्हणून आपण भांडलो, ते काय उगीच? आमचा प्रश्न वेगळा आहे. हे पैसे कोणाला मिळतात, कोणाला मिळत नाहीत, आणि ते कोणत्या पिशवीतून येतात?

आधी कोणाला मिळत नाहीत ते बघू.

आपली एखादी बाई 64 वर्षांची आहे. तिला लाडकी बहीणचे 1,500 मिळतात. तिथे घरच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. पण 65 वर्षं पूर्ण झाली की तिचं नाव त्या योजनेतून जातं. मग तिनं कुठे जायचं? श्रावणबाळ योजनेत. तिथे काय विचारतात? दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का? नसेल तर घराचं उत्पन्न वर्षाला 21,000 रुपयांच्या आत आहे असा दाखला आण.

म्हणजे हातपाय चालत होते तोवर मर्यादा अडीच लाख, आणि हातपाय थकले की 21,000. हा हिशोब कोणी केला असेल?

21,000 म्हणजे किती ते पण मोजा. अख्ख्या घराला दिवसाला 57 रुपये. रोजगार हमीची मजुरी या वर्षी 312 रुपये आहे. कायदा म्हणतो 100 दिवस काम देऊ. पण घरातल्या एका माणसाला 68 दिवस काम मिळालं की 21,216 रुपये होतात आणि डोकरीची पेन्शन मर्यादेबाहेर जाते. सरकारनं स्वतःचा एक कायदा पुरा पाळला तर सरकारच्याच दुसऱ्या योजनेत माणूस बसत नाही. मग काय होतं? तलाठ्याकडे खोटा आकडा सांगावा लागतो. आपण आयुष्यभर कष्ट केलेली माणसं, म्हातारपणी आपल्याला खोटं बोलायला लावतात, आणि मग त्याच दाखल्यासाठी मधला माणूस पैसे मागतो.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही एका आजीला घेऊन कचेरीत गेलो. तिच्या आधारकार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी. आपल्यातल्या निम्म्या लोकांची तीच तारीख आहे. वर्ष असं घातलंय की ती आपल्या लेकापेक्षा बारा वर्षांनीच मोठी दिसते. टेबलावरचा माणूस म्हणाला, वय बसत नाही. आजी म्हणाली, माझे दात मोज. सगळे हसले. पेन्शन काही मिळाली नाही. तिथून पुढे तीन खेपा झाल्या. दर खेपेला जीपचं भाडं, एका माणसाची मजुरी. 1,500 मिळण्याच्या आधीच त्याच्यापेक्षा जास्त खर्च झाला.

दुसरी गोष्ट. ज्या बाईच्या नावावर वनपट्टा आहे आणि जिला किसान सन्मानचे केंद्राचे 6,000 आणि राज्याचे 6,000 मिळतात, तिला महिन्याला 1,000 मिळतात असं धरून लाडकी बहीणचे फक्त 500 देतात. म्हणजे जिच्याकडे जमीन नाही तिलाही 1,500, आणि जी जमिनीसाठी मोर्चात चालली तिलाही सगळं मिळून 1,500 च. आपण जमिनीचा हक्क मिळवला, तो त्यांनी भत्त्यातून कापून घेतला.

आता पिशवीचं बघू. ही गोष्ट नीट ऐका, कारण ही आपल्या घरातली आहे.

या मे महिन्यात लाडकी बहीणच्या एका हप्त्यासाठी सरकारनं आदिवासी विकास खात्याचे 335 कोटी 70 लाख रुपये वळवले. सामाजिक न्याय खात्याचे, म्हणजे दलित भावांच्या वाट्याचे, 410 कोटी 30 लाख वळवले. मिळून 746 कोटी. सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी बोलून दाखवली. सरकारचं उत्तर असं की हे नियमात बसतं. आदिवासी बहिणींनाही पैसे मिळतात, मग त्यांचा खर्च आदिवासी खात्यावर टाकला तर काय बिघडलं?

बिघडलं ते सांगतो. आदिवासींसाठी वेगळा पैसा ठेवायचा हे धोरण 1974-75 पासूनचं, पाचव्या पंचवार्षिक योजनेपासूनचं. ते का आलं? सगळ्यांसाठीच्या पैशातून आपल्या पाड्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं म्हणून. महाराष्ट्रात सुकथनकर समितीनं सांगितलं की आदिवासींची लोकसंख्या जेवढे टक्के, तेवढे टक्के पैसे बाजूला काढा. 1993-94 पासून तसं सुरू झालं. हा पैसा सगळ्यांना मिळतं त्याच्या वरचा आहे. आश्रमशाळा, वसतिगृह, पाड्याचा रस्ता, विहीर, पेसा गावांना थेट मिळणारा पाच टक्के निधी, हे सगळं त्यातून होतं.

आता बघा. शहरातल्या बहिणीला 1,500 रुपये सरकारच्या मोठ्या तिजोरीतून. आणि आदिवासी बहिणीला 1,500 रुपये तिच्याच लेकीच्या वसतिगृहाच्या पिशवीतून. दोघींना पावती सारखी. पण एकीच्या घरात 1,500 आले, आणि दुसरीच्या घरात एका हातानं आले, दुसऱ्या हातानं गेले. भावानं बहिणीला ओवाळणी घालायची आणि पैसे तिच्याच डब्यातून काढायचे, याला ओवाळणी कोण म्हणेल?

आणि हे फक्त इथलंच किंवा एकाच पक्षाचं नाही. शेजारच्या कर्नाटकात दुसऱ्या पक्षाचं राज्य आहे. तिथे 2013 मध्ये दलित-आदिवासींच्या निधीसाठी वेगळा कायदाही झाला आहे. तरी तिथल्या सरकारनं निवडणुकीत दिलेल्या गॅरंट्यांसाठी त्याच निधीतला पैसा वापरला. आपल्याकडे तर तसा कायदाच नाही. कायदा पाहिजेच. पण कायदा झाला म्हणून आपण झोपलो तर तो कागदावरच राहतो, हे वनहक्काच्या कायद्यात आपण शिकलो आहोत. 2006 चा कायदा, आणि अजून दावे पडून आहेत.

मग देता येत नाही का? पैसा नाही का? सगळे आमदार हेच सांगतात, तिजोरीवर भार पडतो. आपण त्यांना एक विचारू. माजी आमदाराला महिन्याला कमीत कमी 50,000 रुपये पेन्शन आहे. त्याला तलाठ्याचा दाखला लागतो का? त्याचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत बघतात का? एकदा निवडून आला की आयुष्यभर. तिथे भार पडत नाही. आणि डोकऱ्याच्या पेन्शनमध्ये केंद्र सरकारचा वाटा किती? 1995 मध्ये ही योजना आली तेव्हा 75 रुपये होता. 2006 पासून 200 रुपये आहे. 80 च्या वरच्यांना 500. एवढ्या वर्षांत तेल, डाळ, मीठ कुठे गेलं आणि 200 तिथेच उभे. राज्यानं 2019 मध्ये 600 चे 1,000 केले, 2023 मध्ये 1,500 केले. निवडणूक जवळ आली की वाढतं, मधली वर्षं कोरडी.

कोणी म्हणेल, गरिबाला द्यायचं तर पैसा आणायचा कुठून? याच महाराष्ट्रानं ते करून दाखवलं आहे. 1972 चा दुष्काळ म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना पुढे नेली. 1977 मध्ये त्याचा कायदा झाला. पण त्याच्या आधी, 1975 मध्ये, पैशाची सोय केली. शहरातल्या पगारदार आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला. तो हमीच्या कामांसाठी, आणि सरकारनं आपल्या बाजूनं तेवढीच भर घालायची. हे आश्वासन नव्हतं, कायदा होता. काम मागितलं तर द्यावंच लागेल, आणि पिशवी कोणती ते लिहिलेलं. त्यातही लबाड्या झाल्या, मस्टरवर खोटे अंगठे लागले, आपण त्यासाठी मोर्चे काढले. पण मोर्चा काढता आला, कारण हातात कायदा होता. 2,100 साठी कुठल्या कायद्यानं भांडणार?

म्हणून संघटनेचं म्हणणं असं आहे. मत कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा. पण जो कोणी पाड्यावर येईल, त्याला चहा पाजा, खाली बसवा आणि चार प्रश्न विचारा.

एक, किती देणार? दोन, कोणत्या महिन्यापासून? तीन, कोणाला मिळणार नाही? चार, कोणत्या पिशवीतून? उत्तर ग्रामसभेच्या वहीत लिहा आणि त्याची सही घ्या. सही करणार नाही म्हणाला तर तेही लिहा.

आणि आपल्या मागण्या अशा. 65 च्या वरच्या प्रत्येक कष्टकऱ्याला पेन्शन कायद्यानं मिळावी. 21,000 ची अट काढावी, निदान लाडक्या बहिणीची मर्यादा तिच्या आईलाही लावावी. महागाई वाढली की पेन्शन आपोआप वाढावी, निवडणुकीची वाट बघायला लागू नये. आदिवासी खात्याचा वळवलेला पैसा परत करावा, आणि तो पुन्हा वळवता येऊ नये असा कायदा करावा.

मागण्या सरकारकडे. पण काम आपल्याकडे पण आहे. येत्या पंधरा दिवसांत प्रत्येक पाड्यानं यादी करायची. 65 च्या वरचे किती, पेन्शन कोणाला मिळते, कोणाला नाही, कोणाची बंद पडली. वयाचा पुरावा नसेल तर घाबरू नका. रेशनकार्डावरचं किंवा मतदार यादीतलं वय चालतं, तेही नसेल तर सरकारी ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. एकट्या डोकरीला कचेरीत पाठवू नका. यादी घेऊन सगळ्यांना एकदम नेऊ, आणि प्रत्येक अर्जाची पोच घेऊ. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. नाकारला तर कारण लेखी मागा.

त्या आजीचं पुढं काय झालं, असं मघाशी कोणीतरी विचारलं. ती समोरच बसली आहे. तिचा अर्ज यादीत पहिला लिहू.

जिंदाबाद!