महानगराबाहेरचा चित्रपट

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून मुंबई-आग्रा महामार्गाकडे आले, की जवळच पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. शाळांच्या सहली तेथे येतात, मुले बागेत खेळतात आणि परततात. ज्या गृहस्थाच्या नावाने हे स्मारक उभे आहे, त्याने पैसा कसा उभा केला, माणसे कोठून आणली आणि मुंबई सोडून नाशिक का जवळ केले, ही हकीगत मात्र क्वचितच सांगितली जाते. अल्प भांडवलावर चित्रपट काढू पाहणाऱ्या तरुणाला, आणि त्याचा अर्ज ज्यांच्या टेबलावर येतो त्या अधिकाऱ्यांनाही, ती आज उपयोगी पडावी.

फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म 1870 चा. 1912 साली विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून ते लंडनला गेले आणि कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले. चित्रपटासाठी कर्ज देण्यास सावकार तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोप वाढत असताना रोज थोडे थोडे चित्रण केले आणि बीजाचा वेल होताना पडद्यावर दाखविला. सावकाराचे मन वळले ते या वेलाने; शब्दांनी वळले नसते. पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने दिले, कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे काम शिकून घेतले, शिवाय साऱ्या कंपनीचा स्वयंपाकही केला. आजच्या कोणत्याही लहान निर्मितीच्या हिशेबात जेवणखाण आणि प्रवास या दोन बाबी मोठ्या असतात. फाळक्यांच्या घरी पहिली बाब सरस्वतीबाईंच्या श्रमांनी झाकली गेली आणि खर्चाच्या वहीत तिची नोंद झाली नाही.

‘राजा हरिश्चंद्र’चे बाह्यचित्रण मुंबईबाहेर वांगणी गावी झाले. ढाली-तलवारी घेतलेली माणसे पाहून दरोडेखोर आले असे गावकऱ्यांना वाटले आणि प्रकरण फौजदारापर्यंत गेले. अखेर कॅमेरा दाखवून खुलासा करावा लागला. गावाला आधी कळविले नाही, तर काय होते याचे हे पहिलेच उदाहरण म्हणावे लागेल. चित्रपट 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला, आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलविले. नदीचे घाट, मंदिरे, डोंगर, मोकळा उजेड हे सारे येथे हाताशी होते. पौराणिक कथेला याहून स्वस्त नेपथ्य मिळणे नव्हते. 1917 चा ‘लंकादहन’ हा नाशिकच्याच काळातला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या.

याच जिल्ह्यात पुढे मालेगावने वेगळी वाट काढली. यंत्रमागाच्या त्या शहरात व्हिडिओ पार्लर चालविणारे शेख नासिर यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च पन्नास हजार रुपयांच्या घरात आला, असे सांगितले जाते. सायकलवर कॅमेरा ठेवून चालते दृश्य टिपायचे, बैलगाडीची उटाळी वर करून उंचीवरचे दृश्य घ्यायचे, हे तेथील उपाय. यंत्रमाग शुक्रवारी बंद असत. त्यामुळे कलावंतांना सवड मिळे. ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये नायकाचे काम करणारा शफीक शेख यंत्रमाग कामगार होता, पुढे कर्करोगाने त्याचे निधन झाले. फैजा अहमद खान यांच्या 2008 च्या माहितीपटामुळे ही धडपड जगासमोर आली आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ 2025 मध्ये चित्रपटगृहांत लागला. गंमत अशी, की ज्या मुंबईची नक्कल मालेगावकरांनी केली, तीच मुंबई अखेर त्यांची गोष्ट सांगू लागली.

भांडवलाचा एक मार्ग गुजरातेत दिसला. श्याम बेनेगल यांच्या 1976 च्या ‘मंथन’साठी पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात हा प्रयोग फारसा पुढे का गेला नाही, याचा विचार सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी करावयास हवा.

गावात चित्रीकरण होणार असेल, तर ग्रामपंचायतीने जागा, दिवस आणि वेळ लेखी घ्यावी व पोलीस ठाण्याला कळवावे. वांगणीची पुनरावृत्ती तेवढ्याने टळेल. लहान मुले काम करणार असतील, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाकडून दिवसात पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, सलग सत्तावीस दिवसांहून जास्त काळ त्याला कामावर ठेवता येत नाही, आणि त्याच्या उत्पन्नाचा किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. शिक्षकांनी हे नियम पालकांना समजावून सांगावेत. चित्रीकरणाचे नाव निघाले, की हजेरीपट सर्वप्रथम विसरला जातो. बैलजोडी अभिनयात असेल, तर जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी घ्यावी लागते, हे शेतकऱ्यांच्या कथा चित्रित करणाऱ्यांना बहुधा उशिरा कळते. सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागते ते वेगळेच.

परवान्यांची कागदपत्रे जुळविता येतात. मालकीचा प्रश्न अधिक अवघड असतो. चित्रपट तयार झाल्यावर त्याचा हिशेब कोणी ठेवायचा, हे आरंभीच लिहून घेतले नाही, तर मित्रमंडळींची वाताहत होते. 1918 मध्ये फाळक्यांनी भागीदार घेऊन नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली. मतभेद झाले, ते काशीला निघून गेले, काही काळाने परत आले. भागीदारांच्या पैशाने चित्रपट होत राहिले, परंतु स्वतःचे घर चालविण्याइतके स्थैर्य फाळक्यांना त्यातून लाभले नाही. पुढे बोलपट आले. 1937 चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट कोल्हापूरला झाला. त्यानंतर ते नाशिकला राहिले आणि 16 फेब्रुवारी 1944 रोजी तेथेच वारले. तेव्हा त्यांची आर्थिक स्थिती हलाखीची होती.