पडद्यावरचे कोर्ट आणि अक्काची सही

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सारेच ऐकत आलो. तीत अनुभव आहे, हे मी नाकारीत नाही. पण पायरी चढायची नाही, म्हणून कायदाही जाणून घ्यायचा नाही, असा तिचा अर्थ आपण करून बसलो. आणि 'कायदा ठाऊक नव्हता' ही सबब तर कोर्टात चालत नाही!

कायद्याचे पुस्तक जाडजूड, भाषा अवघड. शेतातून थकून आलेल्या माणसाने ते वाचावे कधी? येथे चित्रपट उपयोगी पडतो. डोळ्यांनी पाहिलेले मनात राहते. मात्र एक सावधगिरी हवी. बहुतेक चित्रपटांत वकील गर्जना करतो, साक्षीदार ऐन वेळी धावत येतो आणि तीन तासांत निकाल! तेच खरे मानून गेलेला पक्षकार पहिल्याच तारखेला गांगरतो.

याला अपवाद चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटाचा. २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. एका सफाई कामगाराच्या मृत्यूवरून लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप येतो, की त्यांच्या गाण्याने तो आत्महत्येस प्रवृत्त झाला. पुढे काय? जामिनाचा अर्ज, साक्ष, पुढची तारीख. आरडाओरडा नाही, टाळ्या नाहीत. पण आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, तो सरकारपक्षाने सिद्ध करावा लागतो, हे तो पाहताना उमगते.

आता वढू बुद्रुकच्या आणि भीमाकाठच्या इतर गावांतल्या शिक्षकांना माझे सांगणे. चित्रपट नुसता दाखवू नका. मध्येच थांबवा आणि विचारा. त्याहून बरे म्हणजे, मोबाइलवर पाच मिनिटांचे चित्र गावकऱ्यांनीच तयार करावे. प्रसंग घरचाच घ्या. वडील वारले आहेत. भाऊ म्हणतो, "अक्का, हितं सही कर. नुसता कागद हाय." अक्काच्या हातात लेखणी. बस्स, चित्र येथेच थांबवा!

मग विचारा : हा कागद कसला? तो आहे हक्कसोडपत्र. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. ती दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला अमलात आली. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत.

अक्काने सही करूच नये, असे मी म्हणत नाही. खुशीने हक्क सोडणे हाही तिचाच अधिकार. पण काय सोडते आहे, ते तिला कळू द्या. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही ही खुशीची सही नव्हे.

चित्र वकिलाची जागा घेणार नाही; ते प्रश्न विचारायला शिकवील. उत्तरासाठी शिरूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

तेव्हा कोर्टाची पायरी चढावी लागो वा न लागो, सही करण्यापूर्वी अक्काने एवढेच म्हणावे : "थांब दादा, आधी वाचून दाखव."