एक पेला जास्तीचा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला परदेशप्रवासावर बोलण्याची गळ घातली तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. आपल्या मंडळात लंडन-पॅरिस पाहून आलेल्या तीन-चार जणी आहेत. त्यांच्यापुढे मी काय सांगणार? मी गेले ती बोस्नियाला, आणि तीही ऐन नोव्हेंबरात. त्या वेळी तिथे प्रवासी फिरकत नाहीत, निम्मी दुकाने बंद असतात आणि साडेचारला अंधार पडतो. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तेच सांगा. उन्हाळ्यातले फोटो आम्ही सगळ्यांनीच पाहिले आहेत." तेव्हा मी काही वक्ती नाही हे ध्यानात घेऊन ऐकावे, ही विनंती.

नोव्हेंबर मी हौसेने निवडला नव्हता. माझी मुलगी व्हिएन्नाला नोकरी करते. २०२३ साली मी तिच्याकडे होते, आणि तिला रजा मिळाली ती नोव्हेंबरात. तिकिटे स्वस्त, खोल्या स्वस्त. ती म्हणाली, "आई, गर्दी नसताना गाव खरं दिसतं." पाहुणे येणार म्हणून आवरलेले घर वेगळे आणि एरवीचे घर वेगळे, हे आपणा बायकांना कोणी सांगायला नको!

आपल्यापैकी थोरल्या भगिनींना युगोस्लाव्हिया आठवत असेल. नेहरू, टिटो आणि नासर ही नावे आपण एका दमात घेत असू. अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६१ साली त्याच देशाच्या राजधानीत, बेलग्रेडला भरली होती. तो युगोस्लाव्हिया १९९१ पासून फुटत गेला. बोस्निया-हर्झगोव्हिना हा त्यातलाच एक तुकडा, १९९२ साली स्वतंत्र झालेला. तिथे मुसलमान बोस्नियाक, ऑर्थोडॉक्स सर्ब आणि कॅथलिक क्रोएट असे तीन समाज. एकाचे बोलणे दुसऱ्याला दुभाष्याशिवाय कळते. भेद आहे तो देवळाचा आणि आडनावाचा.

पहिले दोन दिवस आम्ही साराजेव्होला होतो. हे गाव चहूबाजूंनी डोंगरांच्या वाटीत बसले आहे. थंडी सुरू झाली की घरोघरी लाकूड आणि कोळसा पेटतो, आणि तो धूर धुक्यात मिसळून गावावर तसाच बसून राहतो. पहिल्या दिवशी मला समोरचा डोंगर दिसला नाही, फक्त खोकला आला. पण जुन्या पेठेत शिरलो आणि जीव रमला. तिथे एक तांबटांची आळी आहे. ठाक-ठाक आवाज ऐकला आणि मला पुण्याच्या तांबट आळीतच आल्यासारखे वाटले. तांब्याची भांडी, आतून कल्हई केलेली! मोसम नसल्यामुळे कारागीर निवांत होता. त्याने आम्हांला स्टूल दिले, शेगडीजवळ बसवले आणि विकण्याची घाई केली नाही.

भाषेचीही एक गंमत सांगते. तुर्कांचे राज्य तिथे चारशे वर्षे होते, त्यामुळे फारसी-अरबी शब्द त्यांच्याही घरात शिरले आणि आपल्याही. दुकानाला ते म्हणतात 'दुचान', साबणाला 'सापुन', दुश्मनाला 'दुश्मान'. आणि धीराला त्यांचा शब्द आहे 'साबुर'. आपली शिर्डीची सबुरी! इतक्या दूरवर तो शब्द ऐकून माझे डोळे भरून आले.

त्या गावाने सबुरी किती धरली असेल, हे मात्र पुढे कळले. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ अशी १४२५ दिवस साराजेव्होला सर्ब फौजांचा वेढा होता. डोंगरांवर तोफा आणि खाली माणसे. वीज नाही, नळाला पाणी नाही. गावातल्या बिअरच्या कारखान्यात झरा होता; त्या पाण्यासाठी बायकामाणसे डबे घेऊन रांगा लावीत. मैत्रिणींनो, टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आपण. पण रांगेत उभे असताना डोंगरावरून कोणी नेम धरील, ही धास्ती आपल्याला कधी नव्हती. ऑगस्ट १९९२ मध्ये तिथले राष्ट्रीय ग्रंथालय जाळले गेले आणि लाखो पुस्तकांची राख झाली. ती इमारत पुन्हा बांधून २०१४ साली उघडली.

मार्काले नावाच्या भाजी मंडईत आम्ही गेलो. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी तिथे एक तोफगोळा पडला आणि ६८ माणसे गेली. ऑगस्ट १९९५ मध्ये पुन्हा, तेव्हा ४३. मागच्या भिंतीवर नावे कोरलेली आहेत आणि त्या भिंतीपुढे आजही बाजार भरतो. मी उभी होते तेव्हा एक बाई कोबीचा गड्डा हातात घेऊन भावाची घासाघीस करत होती. मला आधी ते कसेसेच वाटले. मग वाटले, दुसरे काय करायचे? पोराबाळांना जेवू तर घातलेच पाहिजे.

आता कोबीवरून मोस्तारला येते. कारण मला खरे सांगायचे आहे ते तिथले.

साराजेव्होहून नेरेत्वा नदीच्या काठाकाठाने बस मोस्तारला जाते. डोंगर ओलांडताच धूर मागे राहिला. इकडे हवा उबदार, अंगणात पाने झडलेल्या झाडांवर नारिंगी जपानी फळे लोंबत होती, आणि डाळिंबे! उललेली, पिकलेली डाळिंबे. सोलापूरची माहेरवाशीण मी. डाळिंब पाहून मला केवढे अप्रूप वाटले.

आम्ही उतरलो ते एका वृद्ध बाईंच्या घरी. त्या खोल्या भाड्याने देतात. उन्हाळ्यात एकही खोली रिकामी नसते, पण त्या दिवशी आम्ही दोघीच. लढाईच्या काळात त्यांनी ऑस्ट्रियात आसरा घेतला होता, त्यामुळे त्यांना जर्मन येत होते आणि माझ्या मुलीलाही. आम्ही पोचलो तेव्हा बाई अंगणात पिंपात कोबी भरत होत्या. आख्खे गड्डे, त्यांत मीठ, मग पाणी, आणि वरून दगडाचे वजन. महिना-दीड महिन्यात ते आंबते, आणि त्या पानांत खिमा-तांदूळ भरून थंडीत गुंडाळ्या करतात. त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरात लाल मिरच्या भाजून त्यांची चटणी बरण्यांत भरून ठेवलेली असते. आपण पावसाळ्यापूर्वी आगोटची बेगमी करतो, तशी त्यांची हिवाळ्याची. मी पदर खोचला आणि मदतीला बसले. भाषा येत नव्हती, पण मीठ किती हे हाताला कळत होते.

दुसऱ्या दिवशी, १० नोव्हेंबरला, पाऊस पडत असताना आम्ही पूल पाहायला गेलो. हा पूल सुलतान सुलेमानच्या हुकमाने मिमार हैरुद्दीन या स्थपतीने बांधला. १५६६ साली तो पुरा झाला. सुमारे २९ मीटरांची एकच दगडी कमान, आणि खाली हिरवीगार नदी. उन्हाळ्यात तरुण पोरे त्यावरून नदीत उड्या मारतात आणि काठावर हजारोंची गर्दी असते. त्या दिवशी पुलावर आम्ही दोघी आणि एक मांजर. दगड इतके गुळगुळीत की, पाय घसरू नये म्हणून मधे मधे घातलेल्या आडव्या पट्ट्यांवर पाय रोवून मी चढले. कठड्यापाशी भिजलेली फुले पडलेली होती, आदल्या दिवशीची.

आदल्या दिवसाचे महत्त्व मला तेव्हा कळले. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी हा पूल तोफा डागून पाडला गेला. ४२७ वर्षे उभा असलेला पूल. १९९२ मध्ये इथले क्रोएट आणि बोस्नियाक खांद्याला खांदा लावून सर्बांशी लढले होते. पुढल्या वर्षी तेच एकमेकांवर उलटले, आणि क्रोएट तोफांनी पूल पाडला. नंतर पाणबुड्यांनी नदीतून जुने दगड वर काढले, पण त्यांतले बहुतेक पुन्हा वापरण्याजोगे राहिले नव्हते. तेव्हा त्याच जातीचा दगड आणून, जुन्याच पद्धतीने घडवून, २००४ साली पूल पुन्हा उभा केला. २००५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

संध्याकाळी घरमालकीणबाईंनी कॉफी केली. ही कॉफी म्हणजे एक विधीच. लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात ती उकळतात आणि बिनकानाच्या इवल्या पेल्यांत ओततात; त्या पेल्याला म्हणतात 'फिल्जान'. सोबत साखरेचा खडा आणि लोकुमची वडी. त्यांच्याकडे कॉफीचे प्रकारही आहेत: पाहुणा आला की स्वागताची, मग गप्पांची, आणि शेवटी "आता निघा" असे सुचवणारी! आपल्याकडे पानसुपारीचे तबक पुढे केले की पाहुण्याने काय समजायचे ते समजायचे, तसेच हे.

ताटात पेले चार होते आणि आम्ही तिघी. मी मुलीला म्हटले, "अगं, त्यांना वाटतंय आपल्याबरोबर आणखी कोणी आहे." बाई हसल्या. म्हणाल्या, "तो जास्तीचा. अवचित कोणी आलं तर?" त्यांच्याकडे त्याला नावच आहे, 'फिल्जान व्हिश्का', म्हणजे जास्तीचा पेला. मी म्हटले, आमची आजीही अवचित येणाऱ्यासाठी एक पान जास्त धरून स्वयंपाक करायची.

मग त्यांनी समोरच्या घराकडे बोट दाखवले. त्या घरातली बाई दुसऱ्या समाजाची. पंचवीस वर्षे दोघी रोज एकमेकींकडे कॉफी प्यायल्या. एकीचे मूल दुसरीने न्हाऊमाखू घातले. १९९३ च्या उन्हाळ्यात ह्यांना एका पिशवीनिशी घराबाहेर काढले, तेव्हा समोरची खिडकी उघडी होती. ह्यांनी वर पाहिले. ती बाई खिडकीत होती. तिने खिडकी लावून घेतली.

"पूल कोणी पाडला, ते साऱ्या जगाला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या मनात ती खिडकी राहिली आहे. ती काय करू शकली असती? काहीच नाही. पण तिने लावून घ्यायला नको होती."

बाई परत आल्या. समोरचीही तिथेच आहे. रस्त्यात भेटल्या की दोघी "दोबार दान" म्हणतात, म्हणजे आपला नमस्कार. त्यापुढे काही नाही. मी विचारले, "तुम्ही तिला बोलावलंत का?" बाई म्हणाल्या, "नाही. अजून जमलं नाही. पण ताट मांडते तेव्हा पेला ठेवते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मैत्रिणींनो, आता जे सांगते ते सांगायला जड जाते. तिथला तंटा आणि आपल्या जिन्यातला तंटा यांची तुलना करणे पाप आहे, हे मला कळते. तिथे सुमारे १ लाख माणसे मेली. आमच्याकडे भांडण होते ते जिन्याच्या चौकात ठेवलेल्या चपलांच्या कपाटाचे. पण त्या कपाटापायी आमच्या समोरच्या वहिनींशी मी सात वर्षे अबोला धरला होता. माझे यजमान वारले तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. घर माणसांनी भरलेले होते, सगळ्यांनी पाहिले. आणि मी तोंड भिंतीकडे फिरवले. थोडा वेळ थांबून त्या परत गेल्या.

बाईंची हकीकत ऐकताना आधी मी स्वतःला त्यांच्याच जागी ठेवत होते. आपल्याला नेहमी आपणच दुखावलेले वाटतो. अंधारात पडल्या पडल्या लक्षात आले की, मी तर खिडकीतली बाई. आणि माझ्यावर कोणी बंदूक रोखलेली नव्हती.

परत आल्यावर चार दिवस लोकुमचा डबा फ्रिजवर तसाच होता. पाचव्या दिवशी मी समोरची बेल वाजवली. वहिनींनी दार उघडले, डब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "या." त्यांनी चहा केला. त्या दिवसाचा विषय मी काढणार होते, पण "वहिनी, त्या दिवशी" एवढेच बोलता आले. त्या म्हणाल्या, "चहा निवतोय." आम्ही हवापाण्यावर बोललो. निघताना त्यांनी डबा धुऊन, त्यात चार रव्याचे लाडू घालून परत दिला. रिकामा डबा परत करायचा नाही, ही आपली रीत. सगळे पूर्ववत झाले असे मी म्हणत नाही. मोस्तारचा पूलसुद्धा नव्या दगडांचाच आहे. पण त्यावरून माणसे ये-जा करतात.

बोस्नियात सगळे सुरळीत झाले, असेही सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. काही गावांत एकाच छपराखाली दोन शाळा भरतात. मुले वेगवेगळ्या वर्गांत बसतात आणि वेगवेगळी पुस्तके वाचतात. लढाई १९९५ मध्ये थांबली. मने जुळायला किती वर्षे लागतील कोण जाणे. म्हणूनच वाटते की, जिथे प्रकरण अजून चपलांच्या कपाटाएवढेच आहे, तिथे ते वेळीच मिटवावे.

मंडळापुढे माझी एकच लहानशी सूचना आहे. आपल्या मासिक सभेचा चहा आपण डोकी मोजून करतो. यापुढे एक कप जास्त करावा. कोणी आले तर कामास येईल. नाही आले तर चिटणीसबाई दोनदा घेतील, त्यांना चहा आवडतो हे सर्वांना ठाऊक आहे!