राज्य, रोटी आणि बोली



राज्य बदलले म्हणून रयतेची भाषा एका दिवसात बदलत नाही. परंतु पोटाचा व्यवहार ज्या भाषेत चालतो, तिच्याकडे माणूस हळूहळू वळतो. याचा दाखला शोधण्यास वरवट बकालच्या बाहेर जावयास नको. जमिनीचा एखादा जुना दावा पाहावा. फिर्याद, वकील, दस्तऐवज हे शब्द फारसी दफ्तराने दिले. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारकडे सोपविला, आणि कोर्ट, समन्स, अपील त्यांच्या शेजारी येऊन बसले. तंटा बांधाचा, भांडणारे दोघेही मराठी. न्याय मात्र परक्या शब्दांत मागावयाचा!

तरी मराठी टिकली. बोलणारे लाखो होते, आणि गावची शाळा मराठीच राहिली. वरच्या पायऱ्या तेवढ्या इंग्रजीच्या होत्या. पुढे १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने कचेरीत मराठीस मान मिळाला. याचा आम्हांस रास्त अभिमान आहे.

पण येथून उत्तरेकडे सातपुडा दिसतो, तिकडेही पाहू या. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाल लोकांची निहाली बोली आहे. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्यात कोरकू व मराठी शब्द पुष्कळ. परंतु सुमारे पाव भाग शब्दांचे नाते जगातील कोणत्याही भाषेशी जुळत नाही. बोलणारे उरले अवघे दोन-अडीच हजार. इंग्रजी अमदानीत सातपुड्याची जंगले राखीव होत गेली. रानावर जगणाऱ्याला मजुरीसाठी दुसऱ्याच्या दारी, दुसऱ्याच्या भाषेत उभे राहावे लागले. स्वराज्यातही १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषकांची बोली खानेसुमारीच्या तक्त्यात वेगळी छापली जात नाही.

तेव्हा आम्ही स्वतःस विचारले पाहिजे : इंग्रजी आम्हांस जशी वाटली, तशी आमची मराठी निहालाच्या पोरास वाटत नसेल काय? अल्पसंख्य भाषकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे आपल्या घटनेचे ३५० क हे कलम १९५६ पासून सांगते. निदान पहिल्या दोन इयत्तांच्या गुरुजींनी मुलांची बोली शिकावी, गावातील वृद्धांचे शब्द टिपून ठेवावे. मराठीने आपला हक्क मागून घेतला. दुसऱ्याचा हक्क आता तिने न मागताच द्यावा.