झाडाचं हाड आणि आमचा माळ
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. निपाणीकडचं आमचं घर, तीन पिढ्या तंबाखूवर जगलेलं. आता आम्हा भावांची मुलं पुण्याला आणि बेंगळुरूला. रान कसायला माणूस मिळत नाही. इथं बसलेल्या अनेकांच्या घरी हीच गोष्ट असेल.

गेल्या वर्षी एक रोपविक्रेता दारात आला. म्हणाला, "माळावर सुबाभूळ लावा. राखण नको, मजूर नको. माझं रोप खास आहे, जनुकं बदलून लिग्निन कमी केलंय. कागद गिरणी जादा दर देईल." रोपाचा दर मात्र तिप्पट. धाकटा म्हणाला, घेऊन टाकू. थोरला म्हणाला, आधी लिग्निन म्हणजे काय ते बघू. त्या शोधात जे हाती लागलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

लाकडातल्या दोन गोष्टी इथं महत्त्वाच्या. सेल्युलोज म्हणजे धागा आणि लिग्निन म्हणजे त्या धाग्यांना घट्ट धरणारा डिंक. लाकडात साधारण २० ते ३० टक्के लिग्निन असतं. झाड ताठ उभं राहतं, मुळाचं पाणी शेंड्यापर्यंत चढतं, कीड सहजासहजी आत शिरत नाही, हे बरंचसं त्याच्यामुळे. त्याला झाडाचं हाड म्हटलं तरी चालेल.

कागदवाल्याला मात्र हे हाड नको असतं. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये लाकूड शिजवून तो ते काढतो. त्यात रसायन जातं, इंधन जातं आणि काळं पाणी उरतं. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात लिग्निन बरंच राहतं, म्हणून तो उन्हात पिवळा पडतो. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेच्या वेळची कात्रणं आपल्यापैकी कित्येकांनी ट्रंकेत जपली आहेत. ती तपकिरी आणि ठिसूळ होण्यामागे या लिग्निनचाही हात आहे.

आता जनुकांकडे येऊ. झाड फेनिलअॅलानिन नावाच्या अमिनो आम्लापासून सुरुवात करतं आणि एकामागून एक विकरं वापरून लिग्निनचे सुटे भाग बनवतं. प्रत्येक विकरामागे एक जनुक असतं. त्यातलं एखादं मंद केलं की लिग्निन घटतं किंवा त्याची जात बदलते. अमेरिकेत १९९९ साली अस्पेन झाडात असं एक जनुक दाबलं, तेव्हा लिग्निन ४५ टक्क्यांपर्यंत घटलं आणि सेल्युलोज वाढलं. २०२३ साली तिथल्याच शास्त्रज्ञांनी पॉप्लरच्या २१ जनुकांच्या जवळपास ७० हजार जुळण्या संगणकावर तपासल्या आणि त्यांतल्या निवडक जुळण्यांची रोपं तयार केली.

आपल्या जवळचं उदाहरणही आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुबाभळीच्या लिग्निनच्या जनुकांवर काम झालं. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली सुबाभळीच्या अशाच एका जनुकाचा प्रयोग प्रसिद्ध केला. तो त्यांनी कशावर केला? तंबाखूवर! प्रयोगशाळेत तंबाखूच्या पानाच्या तुकड्यापासून अख्खं रोप सहज उभं राहतं, म्हणून जगभर असले प्रयोग आधी तंबाखूवर होतात. ज्या पिकाच्या दरासाठी १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी हमरस्ता अडवला, तेच पीक हेही काम करतं, हे वाचून आम्हाला गंमत वाटली.

त्या तंबाखूचं झालं काय? जनुक दाबल्यावर लिग्निन घटलं खरं, पण रोपं खुजी राहिली आणि पानं सुरकुतली. हाडच काढलं तर अंग कसं धरणार?

हे वाचताना दांडेलीची आठवण झाली. खानापूर-अळणावरच्या वाटेनं तिथं गेलेल्यांना कागद गिरणी ठाऊक आहे. तिथली वेस्ट कोस्ट पेपर मिल १९५० च्या दशकातली. तिला जंगलातला बांबू सरकारनं टनाला दीड रुपया दरानं दिला होता. बांबू का संपत चालला, याचा अभ्यास १९७० च्या दशकात माधव गाडगीळांनी केला. बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी आवरण वनखातं तोडून साफ करत होतं. गावकऱ्यांनी त्यांना सांगितलं की त्या काट्यांमुळेच कोवळे कोंब वाचतात. काटे गेले आणि कोंब गुरांनी व रानातल्या जनावरांनी खाल्ले. अडगळ वाटणारी गोष्टच राखण करत होती.

म्हणून आता बरेच शास्त्रज्ञ लिग्निन नुसतं कमी करण्याऐवजी लवकर सुटणारं लिग्निन घडवू पाहतात. ज्वारीतही लिग्निनची अशी जनुकं बिघडलेले वाण आहेत. त्यांच्या पानाची मधली शीर तपकिरी दिसते आणि त्यांचा चारा जनावराला चांगला पचतो. पण ताट नरम झालं की वाऱ्यात लोळण्याची भीती, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको.

मग विक्रेत्याच्या रोपाचं काय? आज आपल्याकडे शेतकऱ्याला मिळणारी सुबाभूळ किंवा निलगिरी जनुकबदल केलेली नसते. ती निवडून काढलेल्या चांगल्या झाडांची कलमं किंवा बियाणं असतं. तेही चांगलंच, पण त्याला त्याच नावानं विकावं. आम्ही त्याला कागदपत्रं विचारली. तो पुन्हा आला नाही.

मळीचं रान आम्ही खंडानं दिलं आणि पिकाखालीच ठेवलं. माळाच्या कडेला थोडी साधी सुबाभूळ लावली. पाला शेळ्यांना होतो, पण बेतानं. त्यात मायमोसिन असतं, जास्त झालं तर बाधतं. धाकट्याची मुलगी पुण्यात जीवशास्त्र शिकते. सुट्टीला आली तेव्हा रोपं मोजून गेली आणि म्हणाली, "काका, हे रान विकू नका."

आपल्यापैकी ज्यांची रानं गावी पडून आहेत, त्यांना एवढंच सांगणं आहे की झाडं जरूर लावा, पण लावण्याआधी विचारा. रोप कुठलं, पाणी किती पितं, तोडणीला कोण येणार आणि दर कोण लिहून देणार? शास्त्र आपल्या मुलाबाळांच्या हाती आहे. त्यांना गावच्या मातीबद्दल विचारतं ठेवलं, तर माळ ओसाड पडणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!